भेवाचं सामान

ज्या खोलीत मी कॉलेजचं पहिलं वर्ष काढलं, त्या खोलीत माझ्याबरोबर अकरा राक्षस राहत होते. खोली नंदुरबारात, स्टेशनच्या रस्त्यामागच्या गल्लीत होती. राक्षस घरमालकांचे होते. दिवसभर ते खुंट्यांवर टांगलेले असत आणि संध्याकाळी घरमालक येऊन एकेकाचं तोंड भिंतीकडे फिरवून जात. पहिल्या दिवशी मी भीत भीत विचारलं, "आबा, असं का करता?"

"अरे, तू शिकेल मानूस," ते म्हणाले. "त्यास्ना समोर कपडा बदलशी का?"

त्यांना सगळी गल्ली आबा म्हणायची. मीही म्हणू लागलो. सोंगांचं सामान गावोगाव पुरवणं हा त्यांचा धंदा होता. आमच्याकडे तापीकाठच्या गावांत यात्रेला सोंगं निघतात. गावातलाच कोणी देव होतो, कोणी राक्षस होतो, डफ वाजतो, शेवटी देव राक्षसाला मारतो आणि माणसं प्रसाद घेऊन घरी जातात. आबा देवांचं सामान ठेवत नसत. "देवले काय लागस? हात वर कया का व्हई गया देव. मेहनत राक्षसले लागस." म्हणून त्यांच्याकडे नुसते मुखवटे, शिंगं, रानडुकराचे सुळे, अंबाडीच्या जटा, लाकडी गदा असलं सामान होतं. ह्या सगळ्याला मिळून ते 'भेवाचं सामान' म्हणत. भेव म्हणजे भीती. मुखवट्याला ते मुखवटा म्हणत नसत, तोंड म्हणत. गिऱ्हाईक आलं की विचारत, "कोनतं तोंड देऊ?"

त्यांचं स्वतःचं तोंड मात्र अगदी निरुपद्रवी होतं. बुटके, किडकिडीत, आवाज बारीक. बाजारात भाजीवालीने दोनदा ओरडून सांगितलं तर पिशवी तशीच टाकून परत येत. रस्त्यात कोंबडी आडवी आली तर थांबत. मला वाटतं, म्हणूनच ते ह्या धंद्यात पडले असावेत. पण हे मी त्यांना कधी विचारलं नाही, आणि आता खात्रीने लिहिणंही बरं वाटत नाही.

त्यांचा एक सिद्धांत होता. सिद्धांत हा शब्द मी कॉलेजात शिकलो. आबा त्याला "मन्हं म्हननं" म्हणत. त्यांचं म्हणणं असं, की राक्षस अंगात नसतो, सामानात असतो. "दारासिंग लागत नही. कोनताबी दुबया मानूस आन. राक्षस आंगमा नही ऱ्हास, सामानमा ऱ्हास." दुबया म्हणजे दुबळा. हे म्हणताना ते माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत.

नवं तोंड तयार झालं की त्याची परीक्षा होई. कागदाचा लगदा, चिंचोक्याची खळ, चिंध्या असं सगळं ओट्यावर वाळत पडलेलं असे. रंग सुकला की आबा ते तोंड लावून ओट्याच्या खांबाआडून समोरच्या घराकडे बघत उभे राहत. समोर एक शेळी बांधलेली असे आणि पाळण्यात तान्ही पोर असे. शेळीने चारा सोडला तर तोंड पास. पोर रडली तर पहिल्या वर्गात पास. त्या घरची सून फार वैतागायची.

"आबा, मन्ही पोर आत्तेच झोपनी शे. तुम्हनं ते तोंड घरमा ली जा!"

"कोनतं?" आबा मुखवटा वर करून विचारत. "हाई का मन्हं?"

ती पदर तोंडावर घेऊन हसायची आणि पोर जागी व्हायची ती व्हायचीच.

दुसरं त्यांचं म्हणणं आवाजाबद्दल होतं. राक्षस दिसण्याआधी ऐकू आला पाहिजे. "पहिले कानले भेव वाटाले पाहिजे, मंग डोयाले." त्यासाठी ते राक्षसाच्या वहाणांना बैलाचे नाल मारून घेत. खांडबाऱ्याच्या बाजाराला दर आठवड्याला रेल्वेने जात आणि डोंगरातून आलेल्या माणसांकडून वाळलेले भोपळे आणि घुंगरं घेऊन येत. ती माणसं होळीला हे सगळं कमरेला बांधून नाचतात. आबा त्यांच्याबद्दल फार आदराने बोलायचे. "त्या देवनाकरता बांधतस, मी पोटनाकरता बांधस. म्हनीसन त्यास्ना आवाज येगळा येस."

तिसरं म्हणणं उजेडाबद्दल. रात्रीच्या सोंगाला ते सामान देत नसत. "रातले कोनबी भेवाडस. दिवसले भेवाडी दखाड, मंग मानूस." त्यामुळे ज्या गावांना आबांचा राक्षस पाहिजे असे, ती गावं ऊन कललं की सोंगं काढून दिवेलागणीला मोकळी होत.

आबांकडे यात्रेवाल्यांखेरीज आणखी एका प्रकारचं गिऱ्हाईक येई, हे मला उशिरा कळलं. ती माणसं मागच्या दाराने येत. कापसाच्या जिनिंगमधला एक नवा मुकादम आला. बाया त्याचं ऐकत नव्हत्या. आबांनी त्याला उभं केलं, भोवती फिरून बघितलं आणि मिशी न देता किल्ल्यांचा एवढा मोठा जुडगा दिला. "कुलूप एकबी नही ऱ्हायनं तरी चाली. चालतांना वाजाले पाहिजे." महिन्याभराने तो मुकादम रस्त्यात दिसला तेव्हा त्याने मला ओळख दिली नाही, म्हणजे सामान लागू पडलं होतं. एका तलाठ्याला त्यांनी चष्म्याची पत्र्याची डबी दिली. चष्मा नव्हे, नुसती डबी. समोरचा माणूस बोलायला लागला की ती खट् करून मिटायची. तलाठीभाऊसाहेब नंतर खास पेढे घेऊन आले. म्हणाले, "आबा, लोक वाक्य अर्धं सोडतात हो!"

ग्रामपंचायतीला उभा राहिलेला एक जणही आला होता. त्याला मात्र आबांनी परत पाठवलं. "आत्ते तुले भेव लागत नही, दात दखाड. निवडी आना का मंग ये." म्हणजे मतं मागताना हसायचं, भेव निवडून आल्यावर.

मी हे सगळं बघत होतो आणि मनात म्हणत होतो, मला कोणी असं काही देईल का? कारण माझी अडचण त्या मुकादमासारखीच होती. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिला. वर्गात नाव पुकारलं तरी माझा 'हजर' बाजूच्या मुलाला ऐकू जात नसे.

त्यात दिवाळीच्या सुमाराला एक गोष्ट घडली. आम्ही कापसाची गाडी घेऊन बाजारात गेलो होतो. मी आणि बा. आमची गाडी पुढे होती. तिथल्या रखवालदाराने बैलांच्या तोंडावर काठी धरून ती मागे लावायला लावली आणि दुसऱ्या कोणाची पुढे घेतली. बाने माझ्याकडे बघितलं. माझ्या खिशाला पेन होतं. मी जमिनीकडे बघितलं. घरी आल्यावर बा आईला म्हणाला, "दोन बुकं जास्ती शिकना, नी तोंड पहिलाथीन बी कमी व्हयनं." मग मला म्हणाला, "परीक्षा व्हयनी का घर ये. बस झाया."

म्हणजे कॉलेज संपलं. एका वर्षात.

मी हे आबांना सांगितलं तेव्हा ते एका सुळ्याला कानस लावत होते. कानस थांबली.

"तुन्हा बाप तुले मेंढरू समजस," ते म्हणाले. "त्यामा त्याना काय दोष? तू शेच मेंढरू. पन त्याले एकदाव वाघ दखाडू."

आमच्या गावच्या यात्रेला राक्षसाचं सामान आबांकडूनच जाई. गाव प्रकाशा ह्या तीर्थाच्या अलीकडे, तापीच्या काठाला. नेहमी राक्षस होणारा माणूस त्या वर्षी सुरतेला गिरणीत कामाला गेला होता. आबांनी पंचांना निरोप पाठवला, की सामान आणि राक्षस दोन्ही मीच आणतो. पंचांनी सुटकेचा निःश्वास टाकला. राक्षस कोण, हे त्यांनी विचारलं नाही.

पण त्याआधी शिमग्याच्या सुमाराला आणखी एक प्रसंग झाला, तो सांगितला पाहिजे. कचेरीतून आबांना एक नोटीस आली. आबांनी पाकीट उघडलं नव्हतं. तीन दिवस ते एका मुखवट्याच्या मागे खोचलेलं होतं. चौथ्या दिवशी त्यांनी ते माझ्याकडे दिलं, कोनाड्यातली टोपी घेऊन डोक्यावर घातली, आणि उभे राहिले. मी बसून वाचत होतो आणि ते माझ्यासमोर हात जोडून उभे होते. मला फार अवघडल्यासारखं झालं.

"सदरहू इसमास या नोटिशीने कळविण्यात येते की," मी वाचलं, "आपण सार्वजनिक रस्त्यावर एक हात ओटा पुढे घेतला असून, सात दिवसांचे आत लेखी खुलासा सादर करावा. अन्यथा पुढील इलाज करण्यात येईल, याची नोंद घ्यावी."

"कोन मरनं?" आबांनी विचारलं.

"कोणी नाही आबा. आपला ओटा एक हात पुढे आला आहे."

"इतलंच?" ते मटकन खाली बसले. मग त्यांनी कागद माझ्याकडून घेतला. त्यांनी तो उन्हात धरून बघितला, उलटा करून बघितला, हुंगलासुद्धा. "आखो एकदाव वाच." मी वाचला. "आखो एकदाव." मी चार वेळा वाचला. चारही वेळा त्यांच्या अंगावर काटा आला. त्यांनी मला हात दाखवला.

"यामा शिंग नही, घुंगरू नही," ते म्हणाले. "मंग यामा सामान कोठे शे?"

मी कोरा कागद घेऊन खुलासा लिहायला बसलो.

यात्रेच्या दिवशी आबांनी मला देवळामागच्या गोठ्यात सजवलं. आयुष्यभराचं सगळं सामान त्यांनी माझ्या एकट्यावर चढवलं. बैलाची शिंगं, गुडघ्यापर्यंत जटा, कमरेला दोन घुंगुरमाळा, पायांत नाल मारलेल्या वहाणा. मुखवट्याच्या आत त्यांनी एक मोठा भोपळा दोन्हीकडून कापून बसवला होता, म्हणजे बारीक आवाजही आडातून आल्यासारखा यावा. माझ्यासाठीच केला होता तो. मला म्हणायचं होतं एकच वाक्य: "कोन शे रे मन्हासमोर?" मी ते महिनाभर खोलीत पाठ केलं होतं, भिंतीकडे तोंड करून टांगलेल्या अकरा जणांना ऐकवून.

आमच्याकडे एक रीत आहे. राक्षस आला की आया आपली तान्ही मुलं त्याच्या वाटेवर जमिनीवर ठेवतात आणि राक्षस त्यांना ओलांडून जातो. मूल दचकून जितकं जोरात रडेल तितकं चांगलं. त्याच्यातलं भेव निघून गेलं, वर्षभर ते कशाला घाबरत नाही असं मानतात. राक्षस कसा झाला हे गाव त्या रडण्यावरूनच ठरवतं. आबांची चाळीस वर्षांची पत ह्या रडण्यावर उभी होती.

मी निघालो. नाल खाडखाड वाजले, घुंगरं वाजली. गर्दी मागे सरली. मुखवट्याच्या भोकातून मला बा दिसला, पहिल्या रांगेत, उकिडवा बसलेला. मला वाटलं, जमणार. मग पहिलं मूल आलं. दहा-अकरा महिन्यांची पोरगी होती. मी तिच्यावरून पाय उचलला आणि तिने माझी घुंगुरमाळ धरली.

ती रडली नाही. ती हसली. माळ हलवून हलवून हसायला लागली. मला पाय टेकवता येईना, मागे घेता येईना. मी एका पायावर उभा. माझ्या काड्यांसारख्या पायांवरून कोणीतरी मला ओळखलं आणि फिसकलं.

"अरे, हाऊ राक्षस नही, हाऊ तर कॉलेजना शे!"

"राक्षसभाऊ, पेन कोठे शे?"

"पाय टेक रे भो, पडशी!"

गाव हसत सुटलं. डफवाला हसताना डफ वाजवायचं विसरला. बाने मान खाली घातली. अगदी तशीच, जशी मी बाजारात घातली होती. आणि माझं वाक्य गेलं. कोन शे रे, एवढंसुद्धा आठवेना. डोक्यात एकच गोष्ट पाठ होती आणि तोंडाला तीच आली.

"सदरहू इसमास," मी म्हणालो, "या नोटिशीने कळविण्यात येते की."

भोपळ्यातून तो आवाज कसा निघाला ते मी सांगू शकत नाही. हसू एकदम थांबलं.

"सात दिवसांचे आत लेखी खुलासा सादर करावा."

पुढच्या रांगेतले लोक उठून उभे राहिले. कोणी सांगितलं नव्हतं, आपोआप उठले. टोप्या हातात आल्या. एक म्हातारा हात जोडून पुढे आला आणि म्हणाला, "साहेब, ते वावर मन्हा नावावर नही. भाऊना नावावर शे!"

"तू चूप ऱ्हाय," त्याचा भाऊ मागून म्हणाला. "मन्हं नाव काबर लेस?"

मला थांबायला पाहिजे होतं. पण मी एका पायावर उभा होतो आणि वाक्य अर्धं सोडायची मला शाळेपासून भीती आहे. "अन्यथा पुढील इलाज करण्यात येईल, याची नोंद घ्यावी," मी म्हणालो आणि नोटीस संपली.

आता देव येऊन मला मारायचा होता. पोलीस पाटलांचा भाऊ देव झाला होता. तो पडद्याआडून बाहेर आला, पण हात वर करून नाही. त्याने देवळातली गदा बगलेत धरली आणि खालच्या आवाजात विचारलं, "काय हुकूम शे?" त्याला कोणीतरी मागून म्हणालं, "मार ना!" तो म्हणाला, "तू ये नी मार. मन्ही सही लेतीन मंग."

त्या वर्षी आमच्या गावात राक्षस मेला नाही. सगळ्या गावात फक्त ती एक पोर घाबरली नाही. ती शेवटपर्यंत माझी माळ हलवत होती.

मी मुखवटा काढला. सगळ्यांनी मला ओळखलं, लहानपणापासून ओळखत होतेच. पण कोणी हसलं नाही. बासुद्धा उभा होता. त्याचीही टोपी हातात होती.

गोठ्यात आबांनी एकेक वस्तू माझ्या अंगावरून उतरवली. भोपळा हातात घेऊन त्यांनी आत बघितलं, कान लावला, बोट फिरवून बघितलं. "सामान मन्हंच व्हतं," ते शेवटी म्हणाले. "पन भेव मन्हं नव्हतं." त्यांचा बारीक आवाज त्या दिवशी आणखी बारीक झाला होता.

घरी जेवताना बा माझ्या शेजारी बसला नाही, उंबऱ्याजवळ बसला. आईला म्हणाला, "शिकू देवा त्यास्ले. आसं बोलाले शिकाडतस तठे, ते शिकू देवा." मला पाहिजे होतं ते मिळालं होतं. पण आयुष्यात पहिल्यांदा बा मला 'त्याला' न म्हणता 'त्यांना' म्हणत होता, आणि ते ऐकून मी अर्धी भाकर परत टोपलीत ठेवली.

दुसऱ्या दिवशी बाने गाडी जुंपली आणि मला, आबांना आणि सामानाच्या पेटीला फाट्यावर मोटारीसाठी सोडलं. वाटेत बा बैलांशी बोलला, आबांशी दोन शब्द बोलला, माझ्याशी बोलला नाही. मोटार येताना दिसली तेव्हा त्याने आबांना बाजूला घेतलं. मला ऐकू येत होतं.

"आबा, त्यास्ले जरा इचारा ना," बा म्हणाला. "सुटीमा घर येतीन का?"

आबांनी त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. चाळीस वर्षांत त्यांनी इतकं चोख भेव कुठल्या गावात बसवलं नव्हतं, आणि ते त्यांना दिसत होतं. तरी ते म्हणाले, "मन्हं काय काम? तूच इचार. पोऱ्या तुन्हा शे का मन्हा?"

बा माझ्याकडे वळला. त्याचा हात टोपीकडे गेला. तो टोपी काढणार, तेवढ्यात मी म्हणालो, "बा, येसु ना! कोठे जासु मंग?"

हात तिथेच थांबला. त्याने टोपी नीट दाबून बसवली. "मंग ये," तो म्हणाला. "पऱ्हाट्या उपटान्या शेतस. परीक्षा व्हयनी का लगेच ये, तठे हिंडत बसू नको." आणि माझी वळकटी मोटारीच्या टपावर फेकताना त्याने मला आणखी चार गोष्टी सुनावल्या: केस वाढले आहेत, शर्टाचं बटण तुटलं आहे, आणि एका पायावर उभं राहायला कोणी सांगितलं होतं.

मोटार निघाली. आबा खिडकीशी बसले होते. पेटी मांडीवर. दोन गावं गेली तरी त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मला वाटलं, दमले असतील. तिसऱ्या गावाच्या पुढे ते एकदम म्हणाले:

"इतला मोठा गावले भेव बठाडं. देवले बी बठाडं. नी तू एक 'येसु' म्हनीसन समदं उतारी टाकं."

"चुकलं का, आबा?"

त्यांनी पेटीवरचा हात काढून माझ्या पाठीत एक गुद्दा घातला. चांगला लागला.

"धंदाले चुकनं," ते म्हणाले, आणि नंदुरबार येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले.